गॅरेजमधून : सगळ्यांत आधी उठणारा



मंडळाच्या गेल्या पिकनिकला पावभाजीच्या रांगेत उभा होतो. पुढच्या वहिनींनी मागे वळून विचारलं, "भाऊजी, तीस वर्षं ऐकतेय तुम्ही काँप्युटरमध्ये आहात म्हणून. पण म्हणजे नक्की करता काय?" मी म्हटलं, "बूटलोडर लिहायचो." त्या म्हणाल्या, "अय्या! आणि बुटांचा धंदा कधी केलात?" रांगेत हशा पिकला, तेवढ्यात पाव संपल्याची बातमी आली आणि विषय तिथंच राहिला. संपादिकाबाईंनी मात्र तो बरोबर उचलला. म्हणाल्या, "या वेळच्या सदरात तेच लिहा. आणि समजेल असं लिहा." पाहतो प्रयत्न करून.

आमच्या गावी भैरोबाचं देऊळ आहे. तिथले गुरव पहाटे चारला उठायचे. विहिरीवर अंघोळ, मग करगोट्याची किल्ली काढून कुलूप उघडायचं, अंधारात चाचपडत समई शोधायची, काडी ओढायची, गाभारा झाडायचा, देवाला पाणी घालायचं. आम्ही पोरं सहाला घंटा बडवायला पोचायचो तेव्हा देऊळ लखलखीत, फुलं वाहिलेली, उदबत्तीचा वास. गुरव कुठंच नाहीत. ते घरी चहा पीत बसलेले असायचे. देऊळ रोज उघडं सापडतं, तर ते कुणीतरी उघडत असणार, हा विचार आमच्या मनाला कधी शिवला नाही.

बूटलोडर म्हणजे तो गुरव.

तुमच्या घरात काँप्युटर किती, असं विचारलं तर तुम्ही दोन-तीन म्हणाल. पण इंटरनेटचा राउटर, टीव्ही, थर्मोस्टॅट, गाडी या सगळ्यांच्या पोटात एकेक काँप्युटर बसलेला असतो. त्यालाच एम्बेडेड म्हणतात. बटण दाबल्या क्षणी त्यातली चिप अगदी अजाण असते. तिला लिनक्स माहीत नाही, नेटवर्क माहीत नाही, स्वतःची मोठी मेमरीसुद्धा अजून जागी झालेली नाही. तिला एवढंच ठाऊक असतं की फ्लॅश मेमरीत अमुक पत्त्यावर जे लिहिलंय ते वाचायचं आणि तसं करायचं. त्या पत्त्यावर बूटलोडर असतो. तो आधी घड्याळ लावतो, मग मोठी मेमरी जागी करतो (ती जागी होईपर्यंत चिपमधल्या काही किलोबाइट जागेत भागवावं लागतं, इथं नवीन आल्यावर आपण दोन पातेल्यांत संसार केला, तसा), मग लिनक्स शोधतो, ते धड आहे का तपासतो, मेमरीत आणतो आणि त्याच्या हाती किल्ल्या देऊन नाहीसा होतो. एकदा लिनक्स चाललं की बूटलोडरची जागासुद्धा दुसऱ्या कामाला वापरली जाते. सगळा खेळ दोन-चार सेकंदांचा.

पण ती दोन-चार सेकंदं चुकली तर मागचं सगळं असून नसल्यासारखं. यंत्राची वीट होते. आमच्या धंद्यात खरंच 'वीट झाली' असंच म्हणतात.

या गुरवांमधला सगळ्यांत नावाजलेला म्हणजे यू-बूट. त्याचं मूळ '८एक्सएक्सरॉम' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम, मोटोरोलाच्या ८एक्सएक्स नावाच्या चिपमालिकेसाठी लिहिलेला. म्यूनिकजवळच्या वोल्फगांग डेंक या इंजिनीयरनं तो पुढे नेला, २००० साली 'पीपीसीबूट' म्हणून सगळ्यांना खुला केला, आणि २००२ च्या नोव्हेंबरात तो इतर चिपांवरही चालू लागल्यावर त्याचं नाव 'दास यू-बूट' ठेवलं. जर्मन भाषेत यू-बूट म्हणजे पाणबुडी; 'यू'चा दुसरा अर्थ युनिव्हर्सल. जर्मन माणसाला विनोद जमत नाही म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी. प्रोग्रॅम फुकट, आणि त्याचा परवाना असा की जी कंपनी आपल्या यंत्रात तो घालून विकेल तिनं मागणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याचा सोर्सकोड दिलाच पाहिजे. ही अट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता माझी गोष्ट.

२००३ साली मी मिडवेस्टातल्या एका छोट्या कंपनीत होतो. आम्ही सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनचे कंट्रोलर बनवायचो. म्हणजे गावाचं मैलापाणी उतारानं एका खड्ड्यात येतं, तिथून पंपानं वर चढवून पुढे ढकलतात. खड्डा किती भरला ते पाहून पंप चालू-बंद करायचे आणि काही बिघडलं तर ऑफिसात वर्दी द्यायची, हे आमच्या डब्याचं काम. पार्टीत सांगण्यासारखं नव्हे, हे कबूल. डब्यात ८एक्सएक्स मालिकेतली चिप होती, आणि यू-बूट आमच्या बोर्डावर चालेल असं करायचं काम माझ्याकडे आलं. ते मी केलं, जर्मनीला पाठवलं, त्यांनी दोनदा परत पाठवलं (मोकळ्या जागा चुकल्या म्हणून, आमचे शाळेतले गुरुजी बरे), आणि शेवटी यू-बूटच्या मूळ प्रतीत माझ्या नावानिशी ते दाखल झालं. त्या रात्री सौ.नं शिरा केला होता.

२००८ साली मी ती कंपनी सोडली. पुढे ती विकली गेली, घेणाऱ्यानं ते उत्पादन बंद केलं. तोवर मोटोरोलाचा चिपांचा विभाग फ्रीस्केल झाला होता. मग फ्रीस्केलही एनएक्सपीत विरघळली. मी डब्यांना विसरलो.

२०१९ च्या जानेवारीअखेर मिडवेस्टात जी हाडं फोडणारी थंडी पडली, ती आठवत असेल. त्यानंतरच्या आठवड्यात एक फोन आला. एका लहान गावाच्या पाणीखात्यातली इंजिनीयर, सव्वीस-सत्तावीसची मुलगी. तिनं माझं आडनाव असं उच्चारलं की मी आधी 'राँग नंबर' म्हणालो. मग ती म्हणाली, "या फाइलच्या डोक्यावर तुमचं नाव आहे." बंद पडलेल्या कंपनीनं मॅन्युअलच्या खिशात सोर्सकोडची सीडी ठेवली होती, परवान्याची अट म्हणून. मुलीनं ती शोधली, त्यातलं नाव वाचलं, ई-मेल परत आला, मग फोनबुक धुंडाळून मला गाठलं.

थंडीत वीज सारखी ये-जा करत होती. त्यांच्या चौदा स्टेशनांपैकी पाचांतले डबे बंद पडले होते. पंप हातानं चालवता येत होते, म्हणून खात्यातली चार माणसं शून्याखाली पंचवीस अंशांत रात्रभर ट्रक घेऊन या स्टेशनावरून त्या स्टेशनावर फिरत होती. एका ठिकाणी पोचायला उशीर झाला आणि एका म्हाताऱ्या बाईंच्या बेसमेंटमध्ये मैलापाणी वर आलं.

मी विचारलं, "स्क्रीनवर काय येतंय?" म्हणाली, "नुसतं टी, टी, टी, टी. मग थोडं थांबतं, आणि पुन्हा टी, टी, टी."

मंडळी, मी खुर्चीत बसलो.

ते 'टी' म्हणजे टाइमआउट. यू-बूट नेटवर्कवरून फाइल मागतो आणि समोरून उत्तर आलं नाही की एक 'टी' छापतो. मी तिला विचारलं की तो कुठल्या पत्त्यावर मागतोय. तिनं आकडे वाचले. तो माझ्या टेबलावरच्या काँप्युटरचा पत्ता होता. २००३ सालचा. त्या टेबलाच्या जागी आता, मी ऐकलंय, एक ट्रँपोलिन पार्क आहे.

झालं होतं असं. यू-बूट आपल्या सूचना फ्लॅशमध्ये एका चिठ्ठीवर ठेवतो. तिला एन्व्हायर्नमेंट म्हणतात. लिनक्स कुठून उचलायचं वगैरे त्यात असतं. सोबत एक आकडा, चिठ्ठी फाटली-बिटली तर कळावी म्हणून. चिठ्ठी बिघडली असेल तर यू-बूट ती टाकून देतो आणि प्रोग्रॅममध्येच कोरलेल्या मूळ सूचना वापरतो. आता बोर्ड तयार करताना मी दिवसातून पन्नास वेळा लिनक्स बदलत होतो, म्हणून ते नेटवर्कवरून, माझ्या टेबलावरून घ्यायचं अशी सोय मूळ सूचनांत केली होती. कारखान्यात प्रत्येक डब्यात खरी चिठ्ठी लिहिली जायची, त्यामुळे मूळ सूचना कुणी कधी पाहिल्या नाहीत. मीही पुसल्या नाहीत. 'नंतर करू' या सदरात त्या राहिल्या.

तरी चिठ्ठी बिघडायचं कारण काय? तेही मीच. साहेबांना वॉरंटीसाठी हवं होतं की डबा किती वेळा चालू झाला त्याची मोजणी ठेवा. मी ती चिठ्ठीतच ठेवली. फ्लॅशवर एक आकडा खोडून दुसरा लिहिता येत नाही. अख्खी पाटी पुसावी लागते आणि मग पुन्हा लिहावी लागते, आणि पुसायलाच सेकंदभर लागतो. म्हणजे डबा चालू झाला रे झाला की सेकंदभर त्याची चिठ्ठी कोरी. नेमकी त्या सेकंदात वीज गेली तर संपलं. एरवी वर्षातून दोनदा वीज जाते, धोका नगण्य. त्या आठवड्यात ती एका रात्रीत वीसदा जात-येत होती. चिठ्ठीच्या दोन प्रती ठेवून आळीपाळीनं लिहायची सोय यू-बूटमध्ये तेव्हाही होती. मी एक सेक्टर वाचवला. सोळा वर्षं तो सेक्टर रिकामा पडून होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. सौ.नं पोळीभाजीचा डबा दिला आणि, पंधरा वर्षं 'ते भंगार फेका' म्हणणाऱ्या तिनंच, गॅरेजमधल्या खोक्यातून सिरीयल केबल शोधून दिली. साडेचार तास गाडी. स्टेशन म्हणजे रस्त्याकडेला एक हिरवं कपाट. ते उघडायचं, लॅपटॉप जोडायचा, वीज द्यायची, तीन सेकंदांच्या आत कुठलीही कळ दाबून यू-बूटला थांबवायचं आणि चिठ्ठी हातानं पुन्हा लिहायची. हातमोजे घालून टाइप होत नाही आणि काढले तर बोटं जातात. मोजणीची ओळ गाळली. संध्याकाळपर्यंत पाच डबे उठले. पाचव्यावर लिनक्सच्या ओळी सरसर वर जाऊ लागल्या तेव्हा पाणीखात्याच्या एका जाड्या माणसानं मला मिठी मारली. मी त्याला हे सगळं माझ्यामुळेच झालंय असं सांगितलं नाही. मुलीला सांगितलं होतं. ती म्हणाली, "मला माहीत आहे, मी कोड वाचलाय."

इथं खरा प्रश्न सुरू झाला. बाकी नऊ डब्यांचं काय? आणि त्या पाचांच्या पोटात मूळ सूचना अजून माझ्याच टेबलाच्या. ती म्हणाली, बूटलोडरच बदलू या. माझ्या अंगावर काटा आला. लिनक्स बदलताना वीज गेली तर बूटलोडर असतो सावरायला. बूटलोडर बदलताना गेली तर कुणीच नसतो. मग चिपला थेट सुया टोचून लिहावं लागतं, आणि त्याचं यंत्र आता संग्रहालयात. म्हणून आमच्यात पहिला नियम शिकवतात, बूटलोडरला हात लावू नका. नियम चुकीचा नाही. पण याचा परिणाम असा की यंत्रातल्या बाकी सगळ्या चुका कधी ना कधी दुरुस्त होतात आणि बूटलोडरमधली चूक यंत्राइतकीच जगते.

म्हटलं, नवीन यू-बूट तरी घेऊ. घरी येऊन पाहिलं तर माझा बोर्ड तिथून गेलेला! यू-बूटमध्ये प्रत्येक बोर्डापुढे त्याची काळजी घेणाऱ्याचं नाव असतं. त्याला लिहिलेलं पत्र परत आलं, दर काही वर्षांनी होणाऱ्या बदलांत बोर्ड मागे राहिला, की तो काढतात. काढलेल्यांची एक यादी ठेवत असत, फाइलचं नावच 'स्क्रॅपयार्ड', भंगारखाना: बोर्ड, चिप, कधी काढला, आणि शेवटचा माहीत असलेला सांभाळणारा. त्यात माझं नाव होतं, जुन्या कंपनीच्या मेलसकट. मृत्युलेखात आपलंच नाव वाचल्यासारखं झालं.

रागावलो का? थोडा. पण त्यांचंही खरं. यू-बूटमध्ये हजारावर बोर्ड. मेमरी, नेटवर्क, फ्लॅश हाताळायची पद्धत मधून मधून बदलावी लागते, तेव्हा प्रत्येक बोर्ड कुणीतरी हातात घेऊन चालवून पाहायला हवा. बोर्ड ज्याच्याकडे आहे त्यानंच ते करायचं, आणि तो मनुष्य तर ट्रँपोलिन पार्कच्या जागेवरून कधीच उठून गेलेला. २०१७ साली तर गंमत झाली. ज्या ८एक्सएक्स मालिकेवर यू-बूटचा जन्म झाला ती सबंध मालिकाच काढून टाकली, कुणाला तिच्यात रस उरला नाही या कारणानं. त्याच वर्षी एका फ्रेंच कंपनीचा इंजिनीयर पुढे आला: आम्ही या चिपांवरचे बोर्ड दहा वर्षं बनवतोय आणि आणखी दहा बनवणार आहोत, मी सांभाळतो. त्यानं लागेल तेवढा भाग परत आणला. एका माणसानं नाव दिलं म्हणून मालिका परत आली. माझ्या बोर्डासाठी तेवढं कुणी म्हणालं नाही. म्हणायला हवं होतं ते मी.

आमच्या गुरवांचा मुलगा पुण्याला कंपनीत लागला. आता किल्ली पुतण्याकडे असते, तो सातला उघडतो. उघडतो हे महत्त्वाचं. यू-बूटमध्येही किल्ली वेळेवर दिली गेली. डेंक यांनी २०१२ साली मुख्य सांभाळणाऱ्याची जागा टॉम रिनी या अमेरिकन इंजिनीयरकडे सोपवली. ते स्वतः २०२२ साली वारले, पण प्रोग्रॅम एक दिवस थांबला नाही. २००८ पासून आवृत्तीचं नाव म्हणजे वर्ष आणि महिना, आणि २०१९ पासून ती निघते जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरला. आपल्यासारखंच त्रैमासिक! फरक इतकाच की त्यांचा एप्रिल एप्रिलमध्ये येतो. (संपादिकाबाईंनी हे वाक्य ठेवलं तर त्यांचा मोठेपणा.)

पण मूळ प्रत कितीही नीट सांभाळली तरी यंत्राच्या पोटातली प्रत वेगळी. ती ज्या दिवशी कारखान्यातून निघाली त्या दिवशी गोठलेली. त्याच २०१९ साली यू-बूटच्या नेटवर्कवरून फाइल आणायच्या भागात एकदम तेरा भोकं सापडली, ज्यांतून परक्याला आत घुसता येईल अशी. ती बुजवली गेली. पण जगभरच्या कपाटांतल्या आणि भिंतींवरच्या डब्यांत जाऊन ती कोण बुजवणार? युरोपनं २०२४ साली यासाठी कायदा केला, सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्ट. त्याच्या मुख्य अटींसाठी डिसेंबर २०२७ ही तारीख ठरवली आहे. विकलेल्या वस्तूची सुरक्षेची दुरुस्ती कंपनीनं साधारण किमान पाच वर्षं द्यायची. पाच! आमचा पंप सोळा वर्षांचा होता आणि गावाचा तो बदलायचा विचारसुद्धा नव्हता. तरी काहीच नसण्यापेक्षा बरं म्हणायचं.

शेवटी आम्ही जुन्या सीडीवरच्याच यू-बूटला हात घातला. मोठे बदल काही नाहीत. चिठ्ठीच्या दोन प्रती, मोजणी बंद, आणि मूळ सूचनांत माझ्या टेबलाऐवजी डब्याच्याच फ्लॅशमधलं लिनक्स. जुना कंपायलर नव्या काँप्युटरवर चालेना; तोही माझ्या गॅरेजमधल्या खोक्यात निघाला, डेंक यांच्याच कंपनीच्या सीडीवर. आधी त्यांच्याकडच्या एका सुट्या डब्यावर तिनं तो घातला आणि आठवडाभर वीज उलटसुलट खेचून पाहिली, एकदा माझ्यासमोर सलग दोनशे वेळा. मग मात्र आम्ही थांबलो. थंडी सरेपर्यंत, वीज भरवशाची होईपर्यंत, बाहेरच्या एकाही डब्याला हात लावला नाही. मे महिन्यात तिनं एकेक स्टेशन घेतलं, सोबत बॅटरी ठेवून.

जूनमध्ये तिचा मेल आला. चौदाच्या चौदा. सोबत एका स्क्रीनचा फोटो, 'टी' एकही नाही. प्रत्येक कपाटाच्या दाराला आतून तिनं चिठ्ठीतल्या ओळी कागदावर छापून, प्लास्टिकमध्ये घालून चिकटवल्या आहेत, खाली पाणीखात्याचा फोन नंबर. सोर्सकोडच्या फाइलच्या डोक्यावर २००३ आणि माझं नाव होतं, त्याखाली तिनं २०१९ आणि स्वतःचं नाव घातलंय. माझा मेलचा पत्ता बदलू का, असं विचारलं होतं. मी घरचा दिला.

सीडी तिच्याकडेच ठेवली आहे. गॅरेजमधला खोका मात्र अजून तिथंच आहे, आणि आता सौ. तो हलवू देत नाही.